लेंकवळ्याचा अर्धा वांटा कोणीं गिळला?

बेलापूर, हरेगांव, टिळकनगर या टापूंत गेल्या दहा-बारा वर्षांत 'वारस' या शब्दाला जो भाव आला आहे, तो उंसालाहि कधीं आला नसेल. कारण सर्वांस ठाऊकच आहे. प्रवरेच्या कालव्यांचें पाणी आलें, भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि त्याच सुमाराच्या वर्षांत बेलापूर कंपनीनें आमच्या वाडवडिलांच्या जमिनी खंडानें घेऊन हरेगांवीं उंसाचे मळे व साखरेचा कारखाना उभा केला. पुढें १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला. जमिनी सरकारांत गेल्या आणि १९६३ सालीं निघालेल्या शेती महामंडळाच्या ताब्यांत राहिल्या. खंडकऱ्यांनीं वर्षानुवर्षें अर्ज केले, मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या, तेव्हां कोठें २०१२ सालापासून त्या जमिनी मूळ मालकांस किंवा त्यांच्या वारसांस परत मिळूं लागल्या.

ज्यानें खंडाच्या कागदावर आंगठा उठविला, तो केव्हांच मातीला मिळाला. त्याचा मुलगाहि बहुधा गेला. आतां नातू आणि पणतू तलाठ्याच्या दारांत उभे आहेत. गांव नमुना सहा-क म्हणजे वारसांची नोंदवही; तींत नांव चढलें तर फेरफार, फेरफारावरून सात-बारा. हरकत आली कीं प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडे, तेथून प्रांताकडे, आणि हक्काचाच वाद असेल तर अखेर दिवाणी कोर्टांत. यांतल्या बाकीच्या हरकतींविषयीं आम्हांस येथें बोलावयाचें नाहीं. एकाच हरकतीविषयीं बोलावयाचें आहे. ती हरकत अशी असते: 'हा अर्जदार मयताच्याच पोटचा आहे, परंतु लग्नाच्या बायकोचा नाहीं.'

वाड्यांत लग्नाची बायको आणि मळ्यावरच्या खोपटांत दुसरी एक बाई, हा प्रकार आमच्या गांवगाड्याला नवा नाहीं. ती बाई बहुतकरून गरिबाघरचीच असते. कोणी मजुरीला आलेली विधवा, कोणी नवऱ्यानें टाकलेली, कोणी खंडोबाला सोडलेली मुरळी, कोणी अस्पृश्य गणलेल्या घरांतली. तिला मूल होतें. तें मूल त्याच मळ्यांत गुरें वळतें, मोट असेपर्यंत मोट हांकतें, पुढें उंसाला पाणी देतें. त्याचा बाप कोण हें चावडीपासून पाणवठ्यापर्यंत सर्वांस ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें फक्त सरकारी दप्तराला. बाप जिवंत असेपर्यंत त्याच्या पोटाला मिळतें. बापाला पोहोंचवून आल्यावर मात्र वाड्याचा दरवाजा लागतो तो लागतोच.

अशा मुलाला आमच्या भाषेंत नांवें तरी किती! लेंकवळा, कडू, अकरमाशा. बारा माशांचा एक तोळा. ज्याच्यांत एक मासा कमी तो अकरमाशा. सोनाराच्या कांट्यावर माणूस तोलण्याची ही आमची रीत! शरणकुमार लिंबाळे यांनीं १९८४ सालीं आपलें आत्मकथन 'अक्करमाशी' या नांवानेंच जगापुढें ठेवलें, तेव्हां पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली. परंतु तो उणा पडलेला मासा चोरला कोणीं, हा प्रश्न त्या हळहळणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं आपल्या घरीं विचारला? चोरी बापाची, आणि कमी वजनाचा शिक्का पोराच्या कपाळीं. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा याहून उघड मासला दुसरा सांपडणार नाहीं.

आतां वाचकांस एक गोष्ट सांगतों, ती ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ज्या जुन्या शास्त्रांवर आम्ही उठल्याबसल्या टीका करतों, त्या शास्त्रांत शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या मिळकतींत वांटा होता. याज्ञवल्क्यानें तो सांगितला आहे आणि त्यावर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें तो फोडून दाखविला आहे. बापाच्या हयातींत बापाच्या मर्जीनें वांटा; बाप मेल्यावर औरस भावांनीं त्याला अर्धा वांटा द्यावयाचा. इंग्रजी अंमलांत कोर्टांनींहि हेंच धरलें. मुंबई हायकोर्टानें १८७८ सालीं सादू विरुद्ध बायजा या दाव्यांत असा निकाल दिला कीं, बाप मेल्यावर शूद्राचा औरस मुलगा व दासीपुत्र हे एकत्र कुटुंबांतले भाऊ म्हणून राहतात, आणि औरस भाऊ निपुत्रिक वारला तर मागें राहिलेल्या दासीपुत्राकडे मिळकत जाते. १८९० सालीं प्रिव्ही कौन्सिलनेंहि एका दाव्यांत हाच मार्ग धरला. अटी होत्या. बाई त्या एकाच पुरुषापाशीं कायमची राहिलेली असावी, ती दुसऱ्याची लग्नाची बायको असूं नये, इत्यादि. आणि मुलीला तर कांहींच नव्हतें. दासीच्या मुलीचा विचार करण्याची गरजच शास्त्रकारांस वाटली नाहीं. तरी मुलाला अर्धा कां होईना, वांटा होता आणि तो कोर्टांत भांडून घेतां येत होता.

ही शास्त्राची दया समजून कोणी भुलूं नये. ब्राह्मण, क्षत्रिय व वैश्य यांच्या दासीपुत्राला शास्त्रानें नुसतें अन्नवस्त्र ठेवलें, कारण त्यांचें लग्न म्हणजे मोठा संस्कार, आणि संस्कारावांचून झालेलें मूल त्या कुळांत बसावयाचें नाहीं. शूद्राला संस्कार तो कसला! त्याची लग्नाची बायको काय आणि ठेवलेली काय, शास्त्रकाराच्या नजरेंत फारसा फरक नव्हता. म्हणून दोघींच्या मुलांना कमीजास्त वांटा देऊन त्यानें हात झटकले. म्हणजे आमच्या अपमानाच्या पोटींच त्या पोराचा घांस होता. कारण अपमानाचें असलें तरी भाकरी खरी होती, आणि पुढें त्या भाकरीचें काय झालें हेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

पहिला घाला आम्हीच घातला. गेल्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत आमच्यांतल्या पुष्कळ मंडळींना क्षत्रिय म्हणवून घेण्याचा ध्यास लागला. वेदोक्ताच्या वादांत ज्यांनीं अपमान सोसला, त्यांचा राग आम्हांस समजतो. पण ही लढाई कोर्टांत गेली, तेव्हां वर्ण हा नुसता मानाचा प्रश्न राहिला नाहीं. तो लेंकरांच्या पोटाचा प्रश्न झाला. १९२८ सालीं सुब्राव विरुद्ध राधा या दाव्यांत मुंबई हायकोर्टानें मराठ्यांचे तीन थर पाडले: पांच कुळी, शहाण्णव कुळी आणि बाकीचे. पहिले दोन क्षत्रिय, तिसरे शूद्र. तिकडे तंजावरच्या भोसले राजघराण्याच्या मालमत्तेच्या दाव्यांत मद्रास हायकोर्टानें त्याच भोसल्यांना शूद्र ठरविलें! एकाच कुळाचा मनुष्य कावेरीकांठीं शूद्र आणि कृष्णाकांठीं क्षत्रिय. यांतली मौज बाजूला ठेवूं. परिणाम काय झाला तो पाहावा. घराणें क्षत्रिय ठरलें कीं त्याचा लेंकवळा वांट्यावरून अन्नवस्त्रावर आला. मानपत्र आम्ही घेतलें आणि त्याची किंमत मळ्यावरच्या पोरानें भरली. आपल्या वर्णाचा दाखला काढतांना मागें उभ्या असलेल्या त्या पोराकडे कोणीं वळून पाहिलें असेल, तर तें आमच्या वाचनांत नाहीं.

एका ठिकाणीं मात्र पाहिलें गेलें. १९२० च्या जानेवारींत करवीर दरबारनें अनौरस संतति व जोगतिणी यांच्या वारसाहक्कासंबंधानें स्वतंत्र कायदा केला. वेदोक्ताचा लढा ज्या शाहू छत्रपतींनीं स्वतः लढला, त्यांनींच अनौरस लेंकराचा आणि देवाला सोडलेल्या मुलीचा प्रश्न हातीं घेतला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. संस्थान लहान होतें आणि कायदा संस्थानापुरताच होता. परंतु इंग्रज सरकारच्या मोठ्या मुलखांत जें कोणाला सुचलें नाहीं तें एका लहान राज्यांत सुचलें.

दुसरा घाला स्वराज्यांत पडला, आणि तो आजतागाईत भरून निघालेला नाहीं. १९५६ सालीं हिंदु वारसा कायदा आला. त्यानें जुनीं शास्त्रवचनें रद्द केलीं, ब्राह्मणाला एक आणि शूद्राला एक असा दुहेरी न्याय मोडला, विधवेला व मुलीला हक्क दिले. या सर्वाबद्दल आम्ही त्या कायद्याचे ऋणी आहों. पण त्या कायद्याच्या कलम ३ मध्यें 'नातें' या शब्दाची व्याख्या आहे. नातें म्हणजे औरस नातें. अनौरस मूल हें आपल्या आईशीं आणि आपल्या सख्ख्या अनौरस भावंडांशीं नात्यानें बांधलेलें समजावें, इतकी सवलत पुढें जोडली आहे. बापाचें नांव तेथें नाहीं. म्हणजे ज्या बाईपाशीं बहुधा एक गुंठाहि नसतो, तिच्या मिळकतीचा तो वारस. आणि ज्याच्यापाशीं बागाईत आहे, त्याचा तो कोणी नव्हे!

येथें सपाटी कशी झाली तें वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. पूर्वीं शूद्राच्या दासीपुत्राला अर्धा वांटा होता आणि वरच्या तिघांच्या दासीपुत्राला नव्हता. सर्वांना सारखें करावयाचें होतें. तेव्हां वरच्यांच्या पोरांना अर्धा वांटा देतां आला असता. सर्वांना पुरा वांटाहि देतां आला असता. त्याऐवजीं शूद्राच्या पोराचा अर्धा काढून घेतला आणि सगळ्यांच्या हातीं समान शून्य ठेवलें. समतेच्या नांवानें गरिबाच्या ताटांतलें काढून घेण्याची युक्ति आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिली आहे, पण इतकी निर्मळ आणि बिनबोभाट युक्ति क्वचितच. निवाऱ्यासाठीं म्हणून त्याच सालच्या दत्तक व निर्वाह कायद्यांत अल्पवयी अनौरस मुलाला व अविवाहित मुलीला पोटगी ठेवली आहे. मुलीच्या बाबतींत ही सुधारणा खरी आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पोटगी म्हणजे वारसा नव्हे. अठरा वर्षें पुरीं झालीं कीं मुलाचें पोट बंद.

बेलापुरांतल्या वारसांच्या वादांत याचा अर्थ काय होतो, तें एका उदाहरणानें सांगतों. समजा, वांटण्या झालेले दोन सख्खे भाऊ आहेत. दोघांनींहि कंपनीला जमीन खंडानें दिली. दोघांचीहि एकेक बाई मळ्यावर होती आणि दोघींना एकेक मुलगा. थोरला भाऊ १९५० सालीं वारला, धाकटा १९६० सालीं. वारसा उघडतो तो मरणाच्या दिवशीं, आणि त्या दिवशींचा कायदा लागू होतो. नवा कायदा १७ जून १९५६ पासूनचा. तेव्हां थोरल्याचा मुलगा, घराणें शूद्र धरलें गेलें व जुन्या अटी शाबीत झाल्या तर, अर्धा वांटा सांगूं शकतो. धाकट्याच्या मुलाला तोंड उघडण्याची सोय नाहीं. दोन चुलतभाऊ, एकच बांध, एकच कहाणी. एकाचा बाप लवकर मेला म्हणून तो वारस, दुसऱ्याचा बाप दहा वर्षें अधिक जगला म्हणून तो परका. बापाला दीर्घायुष्य लाभावें अशी प्रार्थना त्या पोरानें कोणत्या तोंडानें करावी?

कोणी म्हणेल, १९७६ सालीं सुधारणा झाली ना? झाली, पण ती कोणासाठीं हें पाहूं. मुंबई इलाख्यानें १९४६ सालींच एका बायकोवर दुसरी करण्यास बंदी केली, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें ती सर्व देशाला लागू झाली. दुसरें लग्न रद्द ठरलें म्हणजे त्या लग्नाचीं मुलेंहि अनौरस व्हावयाचीं. त्यांच्यासाठीं विवाह कायद्यांत कलम १६ होतें. पण त्यांतहि गोम अशी होती, कीं लग्न रद्द ठरविणारा कोर्टाचा हुकूमनामा झालेला असेल तरच मूल औरस. १९७६ च्या सुधारणेनें ही अट काढली. रद्द लग्नाचीं मुलें औरस समजलीं जाऊं लागलीं, मात्र त्यांचा हक्क फक्त आईबापांच्या मिळकतीपुरता. मग वाडवडिलार्जित जमिनीचें काय, यावर कोर्टांत पुष्कळ वर्षें मतभेद चालला. अखेर १ सप्टेंबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या दाव्यांत तो मिटविला. बाप मरण्यापूर्वीं वांटणी झाली असें कल्पावयाचें. त्या वांटणींत बापाच्या पदरांत जो हिस्सा पडेल, त्यांत या मुलांनाहि औरसांबरोबर वांटा. सावत्र भावांचा व चुलत्यांचा जन्मसिद्ध हिस्सा मात्र अबाधित. आमच्या मतें हा निकाल शहाणपणाचा आहे. त्यांत लग्नाच्या बायकोच्या मुलांच्या स्वतःच्या हिश्शाला धक्का नाहीं आणि बापाच्या पदरच्यांतून बापाच्या पोराला मिळतें.

परंतु हें सर्व 'रद्द लग्ना'च्या मुलांसाठीं. जेथें लग्नच लागलें नाहीं, तेथें कलम १६ पोंचत नाहीं. याचा उलटा परिणाम बघा. एकानें पहिली बायको असतां मांडव घालून, अक्षता टाकून दुसरी केली. त्यानें कायदा मोडला, फौजदारी गुन्हा केला. त्याच्या मुलाला वांटा. दुसऱ्यानें कसलाच मांडव घातला नाहीं, नुसती बाई मळ्यावर ठेवली. त्याच्या मुलाला कांहीं नाहीं. मुलांनीं काय केलें? दोघांनींहि जन्म घेण्यापलीकडे कांहीं केलें नाहीं. एका पोराचा बाप अग्नीभोंवतीं सात पावलें चालला आणि दुसऱ्याचा चालला नाहीं, एवढ्यावर सात-बारा फिरतो! पुरोहिताला घरांतून बाहेर घालविण्यासाठीं ज्या चळवळीनें आयुष्य वेंचलें, तिच्या मुलखांत पोराची भाकरी अजून होमाच्या धुराला टांगलेली आहे.

या सात पावलांचा फायदा कोण घेतो तेंहि सांगतों. आमच्याच महाराष्ट्रांतला भाऊराव लोखंडे याचा खटला १९६५ सालीं सर्वोच्च न्यायालयांत गेला. पहिली बायको हयात असतां दुसरी केल्याचा आरोप. न्यायालयानें म्हटलें कीं, होम व सप्तपदी झाल्याचें शाबीत नाहीं, आणि त्यांवांचून लग्न लागतें अशी रूढिहि शाबीत नाहीं. सबब दुसरें लग्न झालें असें धरतां येत नाहीं. नवरा सुटला. विधि अपुरा राहिला म्हणून पुरुष सुटतो. आणि अशा घरांतलें मूल उद्यां कलम १६ चा आसरा मागावयास गेलें, तर त्याला पहिला प्रश्न हाच, कीं लग्न लागलें होतें काय? नुसता नोंदणीचा दाखला म्हणजे लग्न नव्हे, विधि झाले पाहिजेत, असें २०२४ सालींहि सर्वोच्च न्यायालयानें बजावलें आहे. (येथें एक प्रश्न मनांत येतो. मद्रासकडच्या लोकांनीं स्वाभिमान विवाहासाठीं १९६७ सालीं विवाह कायद्यांत ७-अ हें कलम घालून घेतलें. सत्यशोधक लग्नासाठीं आम्हीं विधिमंडळांत कोणता आग्रह धरला? पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

एक वाट कोर्टांनीं मोकळी ठेवली आहे. स्त्रीपुरुष पुष्कळ वर्षें नवराबायको म्हणून एकत्र राहिले असतील, तर लग्न झालेंच होतें असें अनुमान काढावयाचें. २०२२ सालीं केरळच्या एका दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें या अनुमानावर मुलाला वांटा दिला. पण आमच्या मळ्यावरच्या बाईला त्याचा उपयोग किती? वाड्यांत लग्नाची बायको जिवंत असली कीं हें अनुमान लंगडें पडतें. शिवाय 'नवराबायको म्हणून' राहण्याचा मान त्या बाईला कोणीं दिला होता? तिचें नांव ना रेशनच्या कार्डावर, ना मतदारांच्या यादींत त्याच्या नांवाशेजारीं.

आतां आमच्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप लग्नाच्या बायकोचा, आणि तो आम्हांस सर्वांत जड वाटतो. तिनें घर सांभाळलें, सासूसासऱ्यांचें केलें, नवऱ्याचें बाहेरचें पाहून गिळलें. तिच्या मुलांच्या ताटांतलें काढून दुसरीच्या मुलांना द्यावयाचें म्हणजे तिच्या जखमेवर मीठच. तिचें दुःख खरें आहे. पण तिच्याशीं बेइमानी केली ती नवऱ्यानें, त्या मुलानें नव्हे. आणि २०२३ च्या निकालाची रीत धरली तर तिचा हिस्सा आणि तिच्या मुलांचा जन्मसिद्ध हिस्सा जागच्या जागीं राहतो. वांटा पडतो तो नवऱ्याच्या पदरच्यांत, आणि नवऱ्यानेंच तो प्रसंग आणलेला असतो. 

दुसरा आक्षेप नीतीचा. असा हक्क दिला तर बाहेरख्यालीपणाला उत्तेजन मिळेल म्हणतात! आम्ही विचारतों, १९५६ पासून हक्क नाहीं, तर बाहेरख्यालीपणा कमी झाला काय? उलट पुरुषाला निर्धास्तपणाच आला. मूल झालें तरी जमिनीचा एक बांधहि हलत नाहीं, हें ठाऊक असल्यावर त्याला भीति कशाची? त्या मुलाचा हक्क बापाच्या जमिनीवर चढणार हें ठरलें, तर मळ्याकडे वळणारे कित्येक पाय जागींच थबकतील. नीतीची काळजी असणारांनीं आमच्याबरोबर उभें राहावें.

तिसरा आक्षेप असा कीं, आई कोण हें दिसतें, बाप कोण हें कोणीं सांगावें? बाप दाखव नाहीं तर श्राद्ध कर, असें पूर्वीं म्हणत. आतां बाप दाखवितां येतो. डीएनए तपासणीनें तें निश्चित कळतें. उत्तर प्रदेश व उत्तराखंडाचे माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांस दिल्ली हायकोर्टाच्या हुकुमानें २०१२ सालीं रक्त द्यावें लागलें आणि रोहित शेखर हे त्यांचे पुत्र असल्याचें शाबीत झालें. मोठ्या माणसाचें रक्त घेतां येतें, तर बागाईतदाराचें कां नाहीं? खोटे दावे येतील ही भीति खरी. म्हणून बापाच्या हयातींतली कबुली, शाळेच्या दाखल्यावरचें नांव, तपासणी, असा भक्कम पुरावा मागावा. भक्कम पुरावा मागणें वेगळें आणि पुरावा असतांहि दार लावणें वेगळें. ज्या इंग्लंडाच्या कोर्टांनीं आमच्यावर हे 'औरस-अनौरस' शब्द पक्के बसविले, त्या इंग्लंडनें १९६९ सालीं लग्नाबाहेरच्या मुलाला आईबापांच्या मिळकतींत औरसाइतकाच हक्क देऊन टाकला. आम्ही मात्र त्यांचा जुना कोट अजून इस्त्री करून घालतों आहों.

आमच्या चळवळीला या प्रश्नांत नवें शिकण्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई यांनीं पुण्यांत आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनीं पोटाशीं धरला, त्याचें नांव यशवंत ठेवलें आणि त्याला आपला केला. माळ्याच्या घरांत ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक, ही गोष्ट त्या वेळच्या कोर्टांत टिकली असती कीं नाहीं याची शंकाच होती. आमच्या मतें हें ओळखूनच जोतीरावांनीं १८८७ सालीं मृत्युपत्र करून तें रीतसर नोंदविलें आणि आपली मिळकत यशवंताला दिली. १८९० च्या नोव्हेंबरांत जोतीराव वारले. प्रेतापुढें टिटवें कोणीं धरावयाचें? टिटवें धरील तो वारस, ही रीत. यशवंतानें तें धरूं नये म्हणून भाऊबंद आडवे आले. लक्षांत घ्या, आडवे आले ते कोणी शास्त्री-पंडित नव्हते. घरचे भाऊबंद होते. तेव्हां सावित्रीबाई पुढें झाल्या आणि त्यांनीं स्वतः टिटवें धरलें. तोच यशवंत पुढें डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगांत त्यानें रोग्यांची शुश्रूषा केली. त्याच सांथींत सावित्रीबाई गेल्या. जोतीरावांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या किती घरांत आज अशा मुलाच्या हातीं टिटवें देतील?

मागणी आमची मोठी नाहीं. वारसा कायद्याच्या कलम ३ मधील 'नात्या'च्या व्याख्येंत जेथें आईचें नांव आहे, तेथें बापाचेंहि घालावें. आणि रद्द लग्नाच्या मुलांसाठीं २०२३ सालीं जी रीत सांगितली, तीच बिनलग्नाच्या मुलामुलींना लागू करावी. मुलींनाहि, हें मुद्दाम लिहितों. जुन्या अर्ध्या वांट्यांत त्यांचें नांव नव्हतें, तो वांटा जसाच्या तसा परत मागावयाचा नाहीं. नगर जिल्ह्यांतून निवडून गेलेल्या आमदार-खासदारांनीं खंडकऱ्यांच्या जमिनीचें श्रेय घेण्यासाठीं भाषणें पुष्कळ केलीं. त्या जमिनीच्या वारसांत ज्यांचें नांव घातलें जात नाहीं, त्यांच्याविषयीं एक प्रश्न त्यांनीं सभागृहांत विचारावा.

कायदा बदलेपर्यंत ज्या बापांना लाज आहे, त्यांना एक रस्ता आजहि मोकळा आहे. वारसा कायद्याचें कलम ३० माणसाला आपल्या मिळकतीचें, एकत्र कुटुंबांतल्या आपल्या हिश्शाचेंहि, मृत्युपत्र करूं देतें. मळ्यावरच्या मुलाचें किंवा मुलीचें नांव घालून, हें माझें मूल आहे असें स्पष्ट लिहून, श्रीरामपुरास निबंधकाच्या कचेरींत तें नोंदवून यावें. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाहीं. दोन साक्षीदार लागतात. ते गांवांत पुष्कळ मिळतील, कारण बाप कोण हें त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे.